फरशी पुलाच्या अलीकडं

पिकअप नदीकाठी थांबली. गाडीतली मंडळी खाली उतरली आणि पाण्याकडं बघत नुसतीच उभी राहिली.

मागच्या रविवारी तनुजा आणि इंद्रजीतभाऊ इथं येऊन पाहणी करून गेले होते. तेव्हा शिवना नदी कमरेएवढी होती. पात्रातले काळे खडक उन्हात पाठी काढून बसलेले, त्यांच्यामधून पाणी पांढरं होऊन खळाळत होतं. राफ्टला तेवढंच हवं होतं. आज खडक कुठंच दिसत नव्हते. चहासारखं लालसर पाणी काठाच्या गवतावर चढलं होतं आणि त्याचा आवाज पायाखालच्या मातीतून वर येत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत एक अख्खी बाभळ मुळांसकट वाहत गेली.

"रात्री कन्नडच्या डोंगरात लई पडला म्हणं," पिकअपचा ड्रायव्हर लक्ष्मण म्हणाला. "वरचं धरण सांडव्यावरून चाललंय. माझ्या मेव्हण्याचा फोन होता."

"मग तेव्हाच सांगायचं ना," इंद्रजीतभाऊ म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला पाणीच पायजे."

सोमनाथ हसला. बाकी कोणी हसलं नाही.

हा ताफा जमून दोन वर्षं झाली होती. इंद्रजीतभाऊंचं मोंढ्यात बियाण्यांचं दुकान. एकदा ते ऋषिकेशला गेले, गंगेत राफ्टिंग करून आले आणि तिथून पुढं त्यांच्या बोलण्यात दुसरा विषयच राहिला नाही. परत जाऊन रीतसर शिकले. मग पाच जणांनी मिळून एक जुनी राफ्ट घेतली. सोमनाथ शेंद्र्याचा, शाळेत खेळाचा मास्तर, दाराच्या चौकटीत तिरपा होऊन शिरावं लागेल असा आडदांड. चिन्मय कॉलेजात गणित शिकवायचा, त्याची बायको सई दातांची डॉक्टर. आणि पाचवी तनुजा. वाळूजच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची, बजाजनगरात आईसोबत राहायची. दर रविवारी पाचही जण पैठणला नाथसागरावर जाऊन वल्ही मारायची. संथ पाण्यावर दोन वर्षं घासल्यावर आता खऱ्या धारेत उतरायचं ठरलं होतं.

तनुजा मूळची पाचोडची. तिचा बाप फकिरा यानं तिला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं तेव्हा ती सहा वर्षांची होती. डबा सुटला तरी ती बुडाली नाही, म्हणून बापानं गावभर सांगितलं होतं. तीच पोर बारा वर्षांची झाली तसं त्याच बापानं सांगितलं, आता विहिरीवर जायचं नाय. तिनं का म्हणून विचारलं. बापानं नुसताच आवाज चढवला. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या विहिरीत उतरली. त्यासाठी मार खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. आता बाप राहिला नव्हता, विहिरीला पाणी राहिलं नव्हतं, पण कारण न देता कोणी नाही म्हटलं की तिच्या जबड्यात काहीतरी घट्ट व्हायचं, ते तसंच होतं.

इंद्रजीतभाऊ काठाकाठानं थोडं पुढं जाऊन आले. हात कमरेवर ठेवून पाण्याकडं बघत म्हणाले, "जाऊ. पाणी जोरात आहे, पण खडक बुडालेत, म्हणजे उलट सोपं झालं. मी, चिन्मय आणि सोमनाथ. तनुजा, तू आणि सई गाडीत बसा, लक्ष्मण तुम्हाला फरशी पुलावर नेईल. तिथं भेटू. तासाभराचा तर प्रश्न आहे."

सईनं चिन्मयकडं बघितलं. चिन्मय हेल्मेटचा पट्टा बघत होता.

"का?" तनुजानं विचारलं.

"का म्हणजे? पाणी बघ की."

"बघितलं. बायांना वेगळं आन बाप्यांना वेगळं येतंय का?"

"तनुजा, यार, इथं वाद नको. जबाबदारी माझी आहे."

"जबाबदारी तुमची हाय, मान्य. मग म्हणा की आज जायचं नाय. मी आत्ता गाडीत बसते, एक शब्द बोलत नाय. पण पाणी चालण्यासारखं असंल, तर ते सगळ्यांना चालंल. तुमच्यामागं सगळ्यात जास्त सराव माझा झालाय, हे तुम्हीच मागच्या रविवारी म्हणलात."

इंद्रजीतभाऊंनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसत होता, पण त्यांना जायचंही होतं. इतक्या लांब येऊन असलं पाणी समोर वाहत असताना परत फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आणि तीन जणांत राफ्ट ओढणार नाही, हे त्यांना तनुजाइतकंच कळत होतं.

"सई, तुझं काय?"

सई सावकाश म्हणाली, "मला भीती वाटतेय. पण गाडीत बसून वाट बघायची जास्त वाटेल."

"बसा मग," इंद्रजीतभाऊ म्हणाले. "पण माझा शब्द शेवटचा."

त्यांनी सगळ्यांचे फोन गोळा करून पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरले आणि ती पिशवी आपल्या पायाशी बांधली. पुढं डावीकडं चिन्मय, उजवीकडं सोमनाथ. मधे डावीकडं सई, उजवीकडं तनुजा. मागं सुकाणू धरायला स्वतः भाऊ. लक्ष्मणनं राफ्टला ढकललं, आणि पुढच्या क्षणाला काठ त्यांच्यापासून पळत सुटला.

पहिली लाट आली ती समोरून नाही, खालून. राफ्ट वर उचलली गेली, तिचं नाक आभाळाकडं झालं आणि मग धप्पकन खाली आलं. तोंडात गढूळ पाणी गेलं. "फॉरवर्ड!" भाऊ मागून ओरडले आणि चार वल्ही एकदम पाण्यात गेली. दुसरी लाट, तिसरी लाट. जिथं बुडालेले खडक होते तिथं पाण्याला कुबड आलं होतं, आणि त्या कुबडांवरून राफ्ट सरसर घसरत होती. सोमनाथ काहीतरी ओरडत होता. नीट ऐकल्यावर कळलं, तो हसतोय. मग सईही हसायला लागली. तनुजाला वाटलं, हेच. याच्यासाठी दोन वर्षं खांदे दुखवले. भाऊंनी राफ्ट छान धरली होती. माणूस हट्टी होता, पण हात सच्चा होता, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं.

नदी डावीकडं वळली. वळणावर काठाच्या बाभळी अर्ध्या पाण्यात होत्या. एरवी त्या काठावर उभ्या असतात, आज नदीच त्यांच्यात शिरली होती. सगळी धार वळणाच्या बाहेरच्या अंगाला जायला हवी होती, पण मधे कुठंतरी बुडालेल्या बांधावर आपटून ती उलटी फिरत होती आणि राफ्टला घेऊन थेट डावीकडच्या फांद्यांकडं निघाली होती.

"बॅक! बॅक!" भाऊ ओरडले.

उशीर झाला होता. राफ्ट आडवी झाली आणि डाव्या अंगानं बाभळीवर आदळली. फांद्या करकरल्या. तनुजानं मान खाली घातली, हेल्मेटवरून काटे खरडत गेले. वर बघितलं तर शेजारची जागा रिकामी होती.

सई पाण्यात होती. एक हात फांदीत, दुसरा राफ्टच्या दोरीला. पाणी तिला झाडाखाली ओढत होतं. तिचा चेहरा पाण्याच्या वर यायचा, पुन्हा जायचा. चिन्मय तिचं नाव घेत होता, पण त्याला जागचं हलता येत नव्हतं, कारण एक जाड फांदी त्याच्या छातीवर आडवी आली होती.

तनुजा वल्हं टाकून राफ्टच्या डाव्या काठावर गुडघ्यांवर पडली. सईच्या जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे तिनं मुठीत धरले. "फांदी सोड," ती म्हणाली. सई सोडत नव्हती. सोडलं तर आपण जाऊ असं तिला वाटत होतं.

"सई, माझ्याकडं बघ. मी धरलंय. फांदी सोड."

सईनं सोडली. तनुजानं आपलं सगळं वजन मागं फेकलं आणि सई तिच्या अंगावर येऊन पडली, ओली, जड, खोकत. त्याच वेळी भाऊ मागून झाडाच्या बुंध्याला खांदा लावून राफ्ट बाहेर रेटत होते. राफ्ट सुटली, पण सुटताना वाकलेली फांदी उसळून आली आणि भाऊंच्या उजव्या खांद्यावर बसली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

थोडं पुढं नदी रुंद आणि जराशी संथ झाली. सगळे जागच्या जागी बसून श्वास घेत होते. सईच्या दोन्ही हातांवर काट्यांचे लाल ओरखडे उठले होते. चिन्मयनं तिचा तळवा धरून ठेवला होता. तनुजाच्या हनुवटीवरून रक्त येत होतं, ते तिला सोमनाथनं सांगितल्यावर कळलं.

भाऊंनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो छातीच्या वर जाईना.

"तनुजा, मागं तू ये," ते म्हणाले. "मी मधे बसतो. सरळ ठेव, बाकी मी सांगतो. पुलावर लक्ष्मण आहे, थेट तिथंच उतरू."

तनुजा मागं गेली. दोन वर्षं भाऊंच्या हातात पाहिलेलं ते लांब वल्हं आता तिच्या हातात होतं, आणि नदी त्याच्यातून तिच्या मनगटात येत होती. तिनं राफ्ट धारेच्या मधोमध आणली. जमत होतं.

मग उजव्या काठावर तिला ती खोली दिसली.

शेतकऱ्याची पाणी उपसायच्या मोटारीची खोली होती ती, पत्र्याच्या छपराची, दारावर निळा रंग मारलेली. मागच्या रविवारी भाऊंनी आणि तिनं त्या खोलीच्या सावलीत बसून डबा खाल्ला होता. तेव्हा नदी त्यांच्यापासून खाली, उतारावरून पाय घसरत जावं लागेल एवढी खाली होती. आज फक्त पत्रे दिसत होते. निळं दार पाण्यात होतं.

आणि फरशी पूल त्या खोलीपेक्षा कितीतरी खाली होता. पूल कसला, दोन काठ जोडणारी सिमेंटची पट्टी, खाली पाणी जायला नळ घातलेले. उन्हाळ्यात त्यावरून बैलगाड्या जातात. पाणी इथवर चढलं असेल तर पूल बुडालेला असणार. वरून पाणी, खालच्या नळांतूनही पाणी, आणि त्या नळांच्या तोंडाशी काय ओढ असेल ते तिला विचार करूनसुद्धा बघायचं नव्हतं.

"भाऊ, थांबावं लागंल," ती म्हणाली. "पूल पाण्याखाली गेला असणार. मोटारीची खोली बघा."

भाऊंनी वळून बघितलं. "असेल. मग वरून जाऊ. पाणी वर असलं की राफ्ट तरंगत जाते."

"किती वर हाय ते माहीत नाय. नळ ओढत्यात. काठाला लागून लक्ष्मणला फोन करू."

"इथं कुठं लागणार? चिखल आहे सगळा. पुलाजवळ काठ चांगला आहे. सरळ घे."

"पुलाजवळ गेल्यावर थांबता नाय आलं तर?"

"तनुजा." त्यांचा आवाज खाली आला. दुखऱ्या खांद्यामुळं तो जास्तच धारदार वाटत होता. "सकाळी तूच आली भांडून. आता घाबरली का? मी काय म्हणालो होतो, माझा शब्द शेवटचा. सरळ घे."

तनुजाचे कान तापले. ती घाबरली होती, हे खरं होतं. सकाळी तिनं ज्या तोंडानं जागा मागितली, त्याच तोंडानं आता थांबा म्हणायचं, याची लाजही वाटत होती. भाऊ हे सगळ्यांना सांगतील, पुढच्या वेळी कोणत्याही बाईनं हट्ट धरला की तनुजाचं नाव घेतील, हे सगळं तिच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. दूरवर, पुढच्या वळणापलीकडून, नदीचा आवाज बदलल्यासारखा वाटत होता.

तिनं लांब वल्हं पाण्यात रुतवलं.

"डावीकडचे, जोरात पुढं!" ती ओरडली. "सोमनाथ, उलटं मार!"

"सरळ!" भाऊ ओरडले. "कोणी ऐकू नका तिचं. सरळ!"

क्षणभर राफ्ट तशीच गेली. सोमनाथचं वल्हं हवेत होतं. त्यानं मागं वळून आधी भाऊंकडं बघितलं, मग तनुजाकडं. मग त्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि उलटं रेटलं. त्याच्या एका रेट्यात राफ्टचं तोंड उजवीकडं वळलं. सई ओरखडलेल्या हातांनी पुढं ओढत होती. चिन्मय जरा थांबला, बायकोकडं बघितलं, आणि तोही ओढायला लागला.

"तनुजा, मी सांगतोय—"

"ऐकलं मी, भाऊ. काठाला लागल्यावर काय बोलायचं ते बोला."

धार त्यांना सोडायला तयार नव्हती. काठ जवळ यायचा आणि पुढं सरकायचा. तनुजाच्या खांद्यात आग उठली होती. ती फक्त काठाकडं बघत होती, तिथं पाण्यात उभं राहिलेलं मक्याचं रान होतं आणि त्याच्या शेंड्यांमधून पाणी संथ दिसत होतं. "अजून! अजून!" तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. मग एकदम ओढ तुटली. राफ्ट मक्यात घुसली, ताटं दोन्ही बाजूंनी आडवी झाली आणि तळाला चिखल लागला.

सोमनाथनं हाताशी आलेलं एक कणीस चाचपलं आणि म्हणाला, "कणसं चांगली हायेत."

बांधावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. लक्ष्मीबाई नाव तिचं, ते मागाहून कळलं. वाहून आलेलं कोणाचं जनावर अडकलंय का बघायला ती आली होती, आणि तिला मक्यात रबराची नाव आणि पाच टोपीवाली माणसं सापडली.

"तुमी कुठून आलं?" तिनं विचारलं.

"संभाजीनगरहून," सई म्हणाली.

"एष्टी बंद हाय का?"

सईला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ती खरंच रडायला लागली. म्हातारीनं तिला हाताला धरून बांधावर बसवलं. मोडलेल्या मक्याबद्दल तनुजानं माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुमी मोडला तेवढाच आमाला दिसतोय. नदीनं मोडला त्येला कोनाला बोलू?"

राफ्टमधली हवा काढून ती गुंडाळून सोमनाथनं खांद्यावर घेतली आणि सगळे बांधाबांधानं चिखल तुडवत पुलाकडं निघाले. भाऊ सगळ्यांत पुढं होते, दुखरा हात पोटाशी धरून.

पूल दिसला नाही. पूल होता तिथं नदीच्या अंगावर आडवी सुरकुती पडली होती, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि तिच्या पलीकडं पाणी खाली पडून फेसाळत होतं. लक्ष्मणनं पिकअप चढावर लांब नेऊन लावली होती. तो धावत आला. "मी किती फोन केले," तो म्हणाला.

सगळे बघत उभे राहिले. वरून एक मोठं लाकूड वाहत आलं. सुरकुतीपाशी क्षणभर अडखळलं, वर उचललं गेलं, आणि पुलावरून सहज पलीकडं उतरून निघून गेलं.

"बघ," भाऊ म्हणाले. "गेलं की नाही? आपणही गेलो असतो."

तनुजानं लाकूड दिसेनासं होईपर्यंत बघितलं. भाऊ खरं बोलत असतीलही. राफ्ट तशीच उचलली जाऊन पलीकडं उतरली असती, काठावरून लक्ष्मणनं व्हिडिओ काढला असता आणि आठवडाभर सगळ्यांनी तो पाहिला असता. हे कधीच कळणार नव्हतं.

"लाकूड गेलं," ती म्हणाली. "लाकडाला श्वास घ्यायचा नसतो."

"म्हणजे तू बरोबर, मी चूक?"

"ते मला माहीत नाय. पण मागं मी होते. परत असंच पाणी आलं तर परत काठालाच घेईन."

"परत मागं बसवणार कोण तुला," भाऊ म्हणाले आणि पिकअपकडं चालू लागले.

घरी आईनं, सारजाबाईनं, हनुवटीची जखम बघितली आणि हळद आणली. हळद दाबून भरता भरता म्हणाली, "आता बास कर. तुझा बाप असता तर त्यानं—"

"त्यानंच ढकललं व्हतं मला पाण्यात."

"तवा तू लेकरू व्हतीस."

"आता नाय, म्हणून तर जाते."

सारजाबाईनं हळद जरा जास्तच जोरात दाबली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन बघितला. भाऊंनी ग्रुपवर लिहिलं होतं की पाण्यात एकाचाच शब्द चालतो, ज्याला ते मान्य नाही त्याला या ताफ्यात जागा नाही, खांदा बरा व्हायला वेळ लागेल, पण रविवारचा सराव ठरल्याप्रमाणं होईल. त्याखाली ओळ होती, तनुजाला ग्रुपमधून काढल्याची. तिनं फोन पालथा ठेवला. शेजारी जेवणाऱ्या सुरेखानं काय झालं म्हणून विचारलं. "काही नाय, लोणचं दे," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं तपासलेल्या भागांतून नेहमीपेक्षा जास्तच बाद काढले.

रविवारी ती पैठणला गेली. कोणाला विचारलं नाही, कोणाला कळवलं नाही. राफ्ट पाच जणांची होती, ग्रुप फोनमधला होता. नाथसागराच्या काठावर सोमनाथ आधीच पंपानं हवा भरत बसला होता. तिला बघून त्यानं पंपाचा दांडा तिच्या हातात दिला आणि स्वतः पाणी प्यायला गेला. थोड्या वेळानं चिन्मय आणि सई आले. सईच्या हातांवरचे ओरखडे आता काळे पडले होते. तिनं तनुजाला मिठी मारली नाही, सरळ राफ्टमध्ये जाऊन आपल्या जागेवर बसली आणि वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

चिन्मय तनुजापाशी थांबला. "तनुजाताई, मी त्या दिवशी थांबलो होतो थोडा. वल्हं मारायला."

"माहीत हाय. पण मारलं ना."

भाऊ शेवटी आले. हात झोळीत होता. तनुजाला बघून ते गाडीपाशीच थांबले.

"तुला निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला."

"मग?"

"मग काय? आले." तिनं हेल्मेटचा पट्टा लावला. "भाऊ, तुम्ही मला शिकवलं, ते मी विसरले नाय. उद्या परत शिकवाल तर शिकंन. पण बसवायचं तर कारण सांगून बसवा, आन काढायचं तर कारण सांगून काढा. मी तुमचं ऐकलं नाय, हे कारण नाय. माझं चुकलं असंल तर काय चुकलं ते सांगा."

भाऊ सोमनाथकडं बघत राहिले, जणू तो काहीतरी बोलेल. सोमनाथ राफ्टचं तोंड पाण्याकडं वळवत होता. चिन्मय पुढं जाऊन बसला. पाणी शांत होतं, धरणाच्या भिंतीपर्यंत सपाट, त्यावर बगळे उतरत होते.

"माझा हात असा आहे," भाऊ शेवटी म्हणाले. "आज मी मागं बसू शकत नाही."

"मला दिसतंय."

"म्हणून बसतेयस तू. बाकी काही समजू नकोस."

"मी काही समजत नाय, भाऊ. मधे बसा. पाय ओले होतील, चपला काढून ठेवा."

ते तसेच उभे राहिले. तनुजा पाण्यात शिरली, राफ्टच्या मागं चढली आणि लांब वल्हं उचललं. सोमनाथनं ढकलून दिलं आणि उडी मारून आत आला. राफ्ट काठापासून सुटली. तेव्हा मागून पाण्यात पावलांचा आवाज आला, चपलांसकट, घाईघाईनं. तनुजानं राफ्ट थोपवून धरली, पण मागं वळून बघितलं नाही. ज्याला यायचंय त्याला चढता येईल एवढा वेळ दिला, आणि मग म्हणाली, "फॉरवर्ड."